अकरा मीटरसाठी सरकलेली शाळा

सोमवारी सकाळी साडेआठला ग्लेनिसबाई टफनेल आपल्या शाळेच्या कार्यालयात शिरल्या आणि खांद्यावरची पर्सही न काढता थेट मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मात्वा, लोकरीच्या दुकानाच्या काचेवर कागद लागलाय. वाचलात?"

वायकोरा गावच्या शाळेत मुख्याध्यापक तामाती पाराता यांना पोरं, पालक आणि पोस्टमन सगळेच 'मात्वा' म्हणजे काका म्हणत. मात्वांनी चहाचा कप खाली ठेवला. ग्लेनिसबाई एकोणतीस वर्षं शाळेच्या चिटणीस होत्या. त्यांच्या अंगावर पर्स असताना चहा पिऊ नये, हे मात्वा पहिल्याच वर्षी शिकले होते.

"दुकान पुन्हा उघडतंय वाटतं? बरं झालं. माझ्या आईला लोकर..."

"लोकर नाही, व्हेप! आंब्याच्या वासाचं, टरबुजाच्या वासाचं, नाही नाही त्या वासाचं! आणि आपली पोरं घरी जाताना रोज त्याच दारावरून जाणार!"

मात्वा गंभीर झाले. व्हेप म्हणजे निकोटिनची वाफ ओढायच्या त्या नळकांड्या शाळेला नवीन नव्हत्या. मागच्याच सत्रात आठवीच्या एका मुलीच्या कंपासपेटीत गुलाबी रंगाची एक चपटी कांडी सापडली होती. ग्लेनिसबाईंना ती अधोरेखनाचं पेन वाटली आणि त्यांनी त्या कांडीने हजेरीपत्रकातल्या तीन ओळी घासूनही पाहिल्या. शेवटी मात्वांनी खालच्या आवाजात त्या वस्तूचा खरा उपयोग सांगितला, तेव्हा बाईंनी हात तीनदा धुतले. तीच मुलगी गेल्या वर्षीपर्यंत धावण्यात पहिली यायची. आता अर्ध्या मैदानात कमरेवर हात ठेवून उभी राहायची. बाईंच्या मनाला ते लागलं होतं.

"आणि अर्ज कोणी केलाय सांगू?" बाई म्हणाल्या. "डॅरेन स्किप्टनने. आपल्याच शाळेचा. दुसरीत असताना डिंक खायचा. मी त्याच्या आईला तेव्हाच म्हटलं होतं, या मुलावर लक्ष ठेव."

"नियम आहे बाई. शाळेच्या हद्दीपासून तीनशे मीटरच्या आत असं दुकान उघडता येत नाही."

"मग मोजू या," बाई म्हणाल्या, आणि तेव्हा कुठे त्यांनी पर्स काढली.

मोजायचं काम अर्थातच मर्व्हकडे आलं. मर्व्ह म्हणजे ग्लेनिसबाईंचा नवरा. गाव बाईंना अहो-जाहो करतं आणि मर्व्हला अरे-तुरे, यात कोणाला काही वावगं वाटत नाही, मर्व्हलाही नाही. नगरपालिकेच्या रस्ते खात्यात त्याने पस्तीस वर्षं काढली होती आणि निवृत्तीच्या वेळी लोकांना घड्याळ मिळतं तसं त्याने आपलं मोजणीचं चाक मागून घेतलं होतं. निवृत्तीनंतर त्याच्या आयुष्यात दोनच गोष्टी उरल्या होत्या. एक शाळेला लागून असलेला बोल्स क्लब, म्हणजे हिरव्यागार हिरवळीवर लाकडी गोळे घरंगळवणाऱ्या म्हाताऱ्यांची संस्था, जिचा तो अध्यक्ष होता. दुसरी म्हणजे शुक्रवारी दुपारी त्याच क्लबात मिळणारी थंडगार बिअर. गावातला एकुलता एक बार बंद पडल्यापासून बिअरचा ग्लास दुसरीकडे कुठे मिळत नव्हता.

"सरळ रेषेत मोज," बाईंनी बजावलं. "वळणावळणाने जाऊ नकोस."

सरळ रेषा शार्लीनच्या केशकर्तनालयातून जात होती. मर्व्ह चाक ढकलत पुढच्या दाराने आत शिरला. डोक्याला चांदीचे कागद गुंडाळलेल्या तीन बायका आरशातून त्याच्याकडे बघायला लागल्या.

"मर्व्ह, काय शोधतोयस रे?" शार्लीनने विचारलं.

"सरळ रेषा."

"माझ्याकडे नाही बाबा मिळायची. इथे सगळं कुरळंच असतं."

मागच्या दारातून रेषा फोलाऊ कुटुंबाच्या खुराड्यात गेली. तिथे कोंबडा अंगावर आल्यामुळे मधले सहा मीटर मर्व्हने धावत मोजले. मग ते बरोबर धरावेत की नाहीत या शंकेने तो पुन्हा सुरुवातीपासून निघाला. तीन वेळा मोजलं, तिन्ही वेळा आकडा तोच आला. तीनशे अकरा.

"अकरा मीटर जास्त," तो घरी येऊन म्हणाला. "डॅरेनने आधीच मोजून घेतलेलं दिसतंय."

ग्लेनिसबाई बटाटे सोलत होत्या. सोलता सोलता त्यांचा हात थांबला. मर्व्हने तो थांबलेला हात पाहिला आणि तो दोन पावलं मागे सरकला. बेचाळीस वर्षांच्या संसारात तो हात असा थांबल्यावर आजवर एक तरी भिंत पाडावी लागली होती किंवा एखादा नातेवाईक मुक्कामाला आला होता.

"दुकान जवळ आणता येत नाही," बाई म्हणाल्या. "पण शाळा आणता येईल की."

"काय?"

"शाळा आणि दुकान यांच्या मधे काय आहे? तुमचा क्लब. क्लबाची बारा मीटर जमीन शाळेला द्या. मुलं तिथे भाजीचा वाफा करतील. हद्द पुढे येईल आणि डॅरेन घरी जाईल."

"अगं, पण सभासद..."

"सभासदांना दर शनिवारी स्कोनचे गोड पाव कोण भाजून देतं?"

क्लबाची सभा सात मिनिटांत आटोपली. अडचण निघाली ती वकिलाकडून. बारा मीटरचा तुकडा वेगळा काढायचा तर सरकारी मोजणी, नकाशे, दोन वर्षं. अख्खा क्लब शाळेला भाड्याने दिला, तर मात्र एका सहीचं काम.

"भाडं काय लावायचं?" मर्व्हने विचारलं.

"वर्षाला एक लिंबाचा केक," क्लॅरी बज म्हणाला. क्लॅरी चौऱ्याऐंशी वर्षांचा, क्लबातला सर्वांत ज्येष्ठ. त्याची पणती शाळेत तिसरीला होती. "आणि बदलणार काय आहे? फक्त कागदावरच ना?"

"फक्त कागदावर," मर्व्ह म्हणाला. हे दोन शब्द त्याला पुढे बरेच दिवस ऐकून घ्यावे लागले.

शिक्षण खात्याचं उत्तर यायला एरवी वर्ष लागतं. या वेळी तीन आठवड्यांत आलं. शाळेची हद्द चाळीस मीटरने पुढे सरकली, डॅरेनचा अर्ज फेटाळला गेला आणि त्या दिवशी शाळेत सर्व मुलांना आइस्क्रीम मिळालं. मात्वांनी छोटंसं भाषण केलं. मर्व्हने बाईंकडे बघून टोपी काढली. बाई चक्क लाजल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक गाडी आली. तिच्यातून उतरलेल्या माणसाने क्लबाच्या कुंपणावर आठ पाट्या ठोकल्या. शालेय परिसर, धूम्रपान बंद, व्हेप बंद.

"अहो, हा क्लब आहे," क्लॅरी पाइप हातात धरून म्हणाला.

"माझ्या कागदावर शाळा आहे, आजोबा. विझवा तो."

त्यानंतर दारू परवान्याचं पत्र आलं. शाळेच्या आवारात बिअर ठेवता येणार नाही, फ्रिज आठ दिवसांत हलवावा. पाठोपाठ पोलिसांचं पत्र आलं. मुलांच्या सान्निध्यात वावरणाऱ्या प्रत्येक प्रौढाची चौकशी होईल. चौकशीत निघालं की क्लॅरीने एकसष्ट साली एक मेंढी चोरली होती.

"चोरली नव्हती," क्लॅरी कळवळून म्हणाला. "ती आपणहून गाडीत बसली. मी फक्त दार लावलं."

चौकशी पुरी होईपर्यंत सगळे चौदा सभासद पाहुणे ठरले. पाहुण्यांनी रोज सकाळी कार्यालयात येऊन नाव नोंदवायचं आणि छातीवर चिठ्ठी चिकटवायची. संगणकात पाहुण्यांच्या पानावर एका वेळी पाचच नावं मावत. बाईंनी थोडी खटपट केली, तेव्हा शेजारी 'नवीन नाव' असं एक पान सापडलं. तिथे कितीही मावत होती. 'वर्ग कोणता' या प्रश्नाला त्यांनी 'इतर' असं उत्तर दिलं. पाचांना इकडे आणि नवांना तिकडे ठेवणं बरं दिसत नाही म्हणून चौदाही नावं तिथेच टाकली आणि रोज सकाळ-दुपार त्यांच्यापुढे बरोबरची खूण करायला लागल्या.

उन्हाळ्याचं सत्र होतं. उन्हाळ्यात डोक्यावर टोपी नसेल तर खेळायला मिळत नाही, हा शाळेचा नियम. पहिल्याच दिवशी सहा म्हातारे टोपी विसरले आणि खेळ संपेपर्यंत त्यांना व्हरांड्यातल्या बाकावर बसवून ठेवलं. शेजारच्या बाकावर त्याच गुन्ह्यासाठी दुसरीतली चार मुलं बसली होती. ती म्हाताऱ्यांना आपल्या डब्यातली द्राक्षं देत होती.

"तुम्ही पहिल्यांदाच का?" एका मुलीने क्लॅरीला विचारलं.

"हो गं."

"सवय होते."

बुधवारी भूकंपाची तालीम झाली. घंटा वाजली की गुडघ्यांवर बसायचं, डोकं आत घ्यायचं, मानेवर हात ठेवायचा, थेट कासवासारखं. शाळेच्या आवारातल्या सगळ्यांनी. चौदा म्हातारी माणसं हिरवळीवर कासवं झाली. तालीम एका मिनिटात संपली. कासवं मात्र तशीच राहिली.

"मर्व्ह," क्लॅरी गवताशी बोलत म्हणाला, "उठायचं कसं ते सांगितलंच नाही."

शेवटी आठवीची मुलं आली आणि दोघादोघांनी मिळून एकेकाला उभं केलं. कंपासपेटीत कांडी सापडलेली ती धावपटू मुलगी मर्व्हला उठवत होती. उठल्यावर तिने त्याच्या हातातला गोळा पाहिला आणि म्हणाली, "हा सरळ का जात नाही हो?" मर्व्हने तिला गोळ्याची एक बाजू जड असते ते दाखवलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती पाच मैत्रिणी घेऊन आली. त्यानंतरच्या आठवड्यात तीस मुलं आली. हिरवळीवर जागा पुरेना. मुलांच्या आणि मुलींच्या स्वच्छतागृहात मधल्या सुट्टीत जो आंब्याचा वास दरवळायचा तो हळूहळू येईनासा झाला, कारण तिथे जाऊन लपायला कोणाला वेळच नव्हता. ग्लेनिसबाईंनी हे स्वतः आत जाऊन, हुंगून, खात्री करून घेतलं.

म्हाताऱ्यांनाही पोरं आवडली. तक्रार एकच होती.

"मला शाळा आवडते," क्लॅरी म्हणाला. "पण शुक्रवारी शाळेत बिअर नसणं, हे काही मला पहिल्यांदाही पटलं नव्हतं."

फ्रिज न्यायचा कुठे? कोणाच्या घरी न्यायची सोय नव्हती, कारण प्रत्येक घरात एक बायको होती आणि ती ग्लेनिसबाईंची मैत्रीण होती. मर्व्हने विचार केला. गावात रिकामी जागा एकच होती. तीन वर्षांच्या कराराने घेतलेली, काचांना आतून कागद लावलेली, शाळेपासून आता दोनशे एकाहत्तर मीटरवर असलेली.

डॅरेन स्किप्टन रिकाम्या दुकानात उलट्या बादलीवर बसला होता. पस्तिशीचा, डोक्यावरचे केस कमी झालेले. मर्व्हला पाहताच तो ताडकन उठला.

"बाईंनी पाठवलंय का?"

"बाईंना कळता कामा नये," मर्व्ह म्हणाला, आणि इथून त्यांची मैत्री झाली.

फ्रिज हातगाडीवरून भर दुपारी ताडपत्रीखाली झाकून नेला. वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला "गवत कापायचं यंत्र" असं सांगितलं. शुक्रवारी दोन वाजले की चौदा सभासद एकेक करून फाटकातून सटकायचे आणि दुकानाच्या मागच्या दाराने आत जायचे. घरी सांगायचं, शेजारच्या गावी सराव सामना आहे. म्हणून बाई त्या दुपारी त्यांच्या नावांपुढे खूण करत नसत.

"आणि जिंकलात का?" बाई विचारत.

"थोडक्यात हुकलं," मर्व्ह म्हणे.

डॅरेन वाईट माणूस नव्हता. तिसऱ्या शुक्रवारी त्याने मन मोकळं केलं. वीस वर्षांची सिगारेट त्याने वाफेच्या नळीने सोडली होती. मोठ्या माणसांना उपयोग होईल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

"मोठी माणसं कितीशी आहेत इथे?" क्लॅरी म्हणाला. "आम्ही चौदा. आणि आम्हाला पाइप आहे. तुझ्या दारावरून रोज जातात ती सत्त्याण्णव पोरं."

डॅरेनने काचेवरच्या कागदाकडे पाहिलं. मग म्हणाला, "माझीपण जाईल. पुढच्या वर्षी पाच वर्षांची होतेय." आणि ग्लास बाजूला ठेवून त्याने मासेमारीचं सामान कुठे घाऊक मिळतं, अशी चौकशी सुरू केली.

पाचव्या शुक्रवारी दुपारी पावणेतीनला शाळेच्या कार्यालयात एक तरुण बाई आली. गळ्यात ओळखपत्र, काखेत फाइल.

"माझं नाव मेले तुपोऊ. हजेरी विभागातून आलेय. तुमच्याकडचं प्रकरण गंभीर आहे."

"कसलं प्रकरण?"

"चौदा विद्यार्थी. सलग पाच शुक्रवार. सकाळी हजर, दुपारी पळालेले. अख्ख्या जिल्ह्यात असं एकगठ्ठा पलायन नाही."

ग्लेनिसबाईंचा चेहरा लाल झाला. एकोणतीस वर्षांत त्यांच्या शाळेवर असा ठपका आला नव्हता. "अशक्य! नावं सांगा."

"नावं पालकांसमोरच वाचायची असा नियम आहे. पण ती जातात कुठे ते मला कळलंय. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने सांगितलं. दर शुक्रवारी ते कागद लावलेलं दुकान आहे ना, त्याच्या मागच्या दाराने आत शिरतात. तासाभराने हसत बाहेर येतात. कपड्यांना धुराचा वास."

"डॅरेन!" बाई ओरडल्या. त्या आवाजाने शेजारच्या वर्गातला गुणाकार थांबला. "परवाना नाही तरी चोरून विकतोय! माझ्या पोरांना!"

त्यांनी टोपी घातली, कारण उन्हाळा होता आणि नियम म्हणजे नियम. त्या पुढे, मेले तुपोऊ मागे, त्यांच्यामागे मात्वा, अशी वरात मुख्य रस्त्याने निघाली. शार्लीनच्या दुकानातल्या बायका कागद गुंडाळलेल्या डोक्यांनी बाहेर आल्या. दोनशे एकाहत्तर मीटर अंतर बाईंनी तीन मिनिटांत कापलं आणि दारावर मूठ आपटली.

"डॅरेन स्किप्टन! दार उघड! आत शाळेची मुलं आहेत हे मला ठाऊक आहे!"

आतून काच फुटल्याचा आवाज आला. मग डॅरेनचा आवाज, अगदी दुसरीतला.

"बाई, आईशपथ, मी शाळेतल्या एकाही मुलाला काही दिलेलं नाही!"

दार उघडलं. आत उलट्या बादल्यांवर, खोक्यांवर, एका मोडक्या सोफ्यावर तेरा वयस्क माणसं ग्लास लपवायला जागा शोधत होती. मागचं दार उघडं होतं आणि तिथून पाइपचा निळा धूर आत येत होता.

ग्लेनिसबाई उंबऱ्यावरच थबकल्या. मेले तुपोऊने खोलीभर नजर फिरवली, माणसं मोजली, फाइल उघडली, पुन्हा माणसं मोजली. ती नोकरीत नवीन होती. सांगितलेलं काम पुरं करायचं, एवढं तिला शिकवलेलं होतं. तिने यादी वाचायला घेतली.

"बज, क्लॅरेन्स?"

क्लॅरीचा हात आपोआप वर गेला. "हजर, बाई!"

"डोनाल्डसन, आयव्ही?"

"हजर."

एकेक नाव येत गेलं, एकेक हात वर जात गेला. मात्वा भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. बाईंच्या डोळ्यांपुढे संगणकातलं ते 'नवीन नाव', म्हणजे नवीन विद्यार्थ्यांचं पान, आणि त्यांनी रोज सकाळी स्वतःच्या हाताने केलेल्या खुणा उभ्या राहिल्या.

"टफनेल, मर्व्हिन?"

मेले तुपोऊने मान वर करून पुन्हा विचारलं.

"टफनेल, मर्व्हिन?"

"हजर," फ्रिजच्या मागून अगदी बारीक आवाज आला.

"सामना थोडक्यात हुकला म्हणायचा," ग्लेनिसबाई म्हणाल्या.

मर्व्ह बाहेर आला. हातात ग्लास होता, अर्धा भरलेला. "ग्लेनिस, ऐकून घे. तुला सांगणार होतो. पण शाळेसाठी तू एवढं केलंस, पोरं एवढी खूश आहेत. म्हटलं, एका बिअरसाठी कशाला तुला वाईट वाटायला लावायचं."

बाई काही बोलणार, तेवढ्यात मेले तुपोऊने त्यांच्यापुढे फॉर्म धरला. "नावं खात्यातून काढेपर्यंत नियमाप्रमाणे हे भरावंच लागेल. एका तरी विद्यार्थ्याचे पालक इथे आहेत का?"

सगळ्यांनी ग्लेनिसबाईंकडे पाहिलं. बाईंनी पर्समधून चष्मा काढला, डॅरेनने पुसून दिलेल्या बादलीवर बसल्या आणि फॉर्म मांडीवर घेतला. विद्यार्थ्याचं नाव, मर्व्हिन टफनेल. पालकाचं विद्यार्थ्याशी नातं, पत्नी. गैरहजेरीचं कारण, बिअर. तिथवर पेन भराभर चाललं. शेवटच्या ओळीवर मात्र थांबलं. असा प्रकार पुन्हा घडू नये म्हणून पालक कोणते उपाय योजतील?

बाईंनी थोडा विचार केला. मग हात लांब करून मर्व्हच्या हातातला ग्लास काढून घेतला, एक मोठा घोट प्यायल्या, मिशीसारखा लागलेला फेस पुसला आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'दर शुक्रवारी पालक स्वतः सोबत बसतील.'